सुट्टीच्या घरातला ओटा कुणाचा?

पत्र थोडक्यात: ठाण्याच्या एका वाचक मैत्रिणीने लिहिलं आहे. वय 48, बँकेत नोकरी. घरात यजमान, इंजिनिअरिंगला असलेला मुलगा, नुकतीच दहावी झालेली मुलगी आणि 74 वर्षांच्या सासूबाई. दिवाळीच्या सुट्टीत हिंदी महासागरातल्या सेशेल्स या देशातल्या ला दीग या छोट्या बेटावर आठवडाभर घर भाड्याने घेऊन राहायचं, असा यजमानांचा बेत आहे. नणंद आणि तिचे यजमानही येणार, म्हणजे सात माणसं. "हॉटेलच्या निम्म्या पैशांत होतंय, शिवाय किचन आहे," असं यजमान म्हणतात. नणंदेचा फोन आला, "वहिनी आहे म्हटल्यावर जेवणाची काळजीच नाही." सासूबाईंनी तुळशीची माळ घातल्यापासून मांसमासे सोडले आहेत आणि बाहेरचं त्यांना सोसत नाही. बाकी सगळे मासे खाणारे. मैत्रीण लिहिते, "फोटो बघून मलाही तिथे जावंसं वाटतं. पण समुद्रासमोरच्या ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटायला मी चार तास विमानात का बसू? नाही म्हटलं तर सगळ्यांचा विरस होईल. त्यापेक्षा महाराज सोबत नेणाऱ्या सहल कंपनीबरोबर जावं का? की मी येतच नाही म्हणून सांगू?"

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र वाचून मी आधी एक हिशेब मांडला. सात माणसं, सात दिवस, तीन वेळचं खाणं. 147 ताटं झाली, चहा वेगळा. घरातल्या कुणीही वाईट हेतूने हा बेत केलेला नाही, हे मला दिसतं. पण हा आकडा कुणी मांडलेलाही नाही. पैशांचा हिशेब झाला, विमानाच्या वेळांचा झाला, ताटांचा राहून गेला. म्हणून सर्वांत आधी सांगते, तुम्हाला जे वाटतंय तो आळस नाही आणि कुरकुरही नाही. भारत सरकारने 2019 साली लोकांचा दिवस कसा जातो याचं सर्वेक्षण केलं होतं. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची सरासरी 299 मिनिटं निघाली, घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97. बँकेतून घरी येऊन ही मिनिटं भरणारी बाई सुट्टीत त्यातून सुटका मागते, यात समजावून सांगण्यासारखं काय आहे?

तरीही तुमच्या पत्रातली काही गृहीतकं मला तपासून पाहायची आहेत. तुमची आणि घरच्यांचीही.

पहिलं असं, की स्वयंपाकघर असलेलं घर म्हणजे घरचा पूर्ण स्वयंपाक. सेशेल्समध्ये अशा घरांची पद्धत जुनी आणि चांगली रुळलेली आहे. स्थानिक कुटुंबं आपल्या आवारातच दोन-तीन छोटी घरं बांधतात, त्यात शेगडी, फ्रिज, किटली, चार भांडी असतात. ती असतात ती सकाळचा चहा आपल्या वेळेला मिळावा, फळं कापून ठेवता यावीत, रात्री उशिरा मुलांना भूक लागली तर काहीतरी गरम करता यावं यासाठी. पोळपाट-लाटणं तिथे नसतं, प्रेशर कुकरही बहुधा नसतो. तिथे येणारे बहुतेक पाहुणे दिवसातून फार तर एकदा शेगडी पेटवतात. पुष्कळ मालक आदल्या दिवशी सांगितलं तर पैसे घेऊन रात्रीचं क्रिओल, म्हणजे तिथल्या स्थानिक पद्धतीचं जेवण करून देतात. म्हणजे ओटा आहे म्हणून तो पेटलाच पाहिजे, असं काही नाही. ठाण्याच्या घरातला रिवाज त्या घरात तुम्हीच न्याल तर जाईल.

दुसरं गृहीतक सासूबाईंच्या जेवणाचं. तुम्ही हात लावला नाही तर त्या उपाशी राहतील, ही भीती पत्रात तीनदा आली आहे. सेशेल्सच्या घराघरांत काय शिजतं हे पाहिलं तर ती बरीच कमी होईल. भात आणि मसूर हे तिथलं रोजचं अन्न आहे. नारळाच्या दुधातली वांग्याची, लाल भोपळ्याची कढी असते, कच्च्या पपईची चटणी असते आणि तिला तिथेही 'सातिनी' म्हणतात. नीरफणस तर घरोघरी. कोकणात आपण त्याचे काप करतो, तिथे ते उकडून, भाजून, तळून खातात. जो नीरफणस खाईल तो सेशेल्सला परत येईल, असं तिथले लोक पाहुण्यांना सांगतात. पिकलं केळं किंवा रताळं नारळाच्या दुधात साखर, जायफळ, व्हॅनिला घालून शिजवतात. त्याला 'लाडोब' म्हणतात. सासूबाईंना तो आवडेल असं मला अगदी मनापासून वाटतं, एकादशीला रताळ्याचा तर चालेलही. शिवाय तिथल्या वाणसामानाच्या दुकानांमध्ये तमिळ व्यापाऱ्यांची कितीतरी दुकानं पिढ्यानपिढ्या आहेत. डाळ, तांदूळ, हळद, जिरं यासाठी वणवण करावी लागणार नाही. भाजी मात्र बरीचशी बाहेरून येते आणि महाग असते, तेव्हा "रोज दोन भाज्या" हा विचार इथेच सोडून द्या.

अडचण खरी आहे ती माशांच्या भांड्यांची. सासूबाईंना ते चालणार नाही, आणि चालावं असा आग्रहही धरू नये. यावर मला सुचतो तो उपाय असा: सात जणांसाठी एक मोठं घर घेण्याऐवजी एकाच आवारातली शेजारशेजारची दोन छोटी घरं घ्या. एकाची शेगडी शाकाहारी, दुसरीवर मासे. या एका बदलाने आणखीही एक गोष्ट होईल. नणंदेकडे स्वतःचं स्वयंपाकघर येईल. "वहिनी आहे" हे वाक्य मग आपोआप मागे पडतं, कुणाला दुखवावं लागत नाही. सासूबाईंसाठी घरून एक छोटं पातेलं, एक ताट-वाटी आणि हवा तर तीन लिटरचा कुकर घ्या. कुकर नसला तरी मसूर आणि मूगडाळ उघड्या पातेल्यात शिजतात, तूरडाळीचा हट्ट धरू नका.

आता तिसरं गृहीतक, आणि हे तुमचं आहे. "मी नाही केलं तर कोण करणार?" असं तुम्ही लिहिलंय. त्याच पत्रात, जरा खाली, मुलगा हॉस्टेलच्या खोलीवर मित्रांना अंडाभुर्जी करून घालतो असंही लिहिलंय. लॉकडाऊनमध्ये यजमानांनी खिचडी केली होती आणि तुम्ही तिला वरून पुन्हा फोडणी दिली, हेही तुम्हीच लिहिलंय. हे वाचताना मी जरा थांबले. दोष देत नाही. आपल्या हाताची चव हाच ज्या घरात आपला मान असतो, तिथे दुसऱ्याची खिचडी तशीच पानात घेणं सोपं नसतं. पण ती दुसरी फोडणी पडली की करणारा माणूस पुन्हा ओट्याकडे फिरकत नाही. ला दीगला यजमानांच्या आमटीत मीठ कमी पडलं तर मीठ वरून घेऊन खा आणि उठा. तुमच्याकडून एवढीच एक गोष्ट मी मागते आहे.

यजमानांच्या हिशेबाबद्दल बोलू. घर हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं हे बरोबर आहे. सेशेल्स महाग देश आहे, राहण्याचे दर बहुतेक युरोत सांगतात, आणि सात माणसांचं रिसॉर्टमधलं दोन वेळचं जेवण खिशाला जड जाईल. पण ही बचत जर तुमच्या श्रमांतून व्हायची असेल, तर ती बचत नसून तुमच्याकडून घेतलेली रक्कम आहे. तेव्हा वाचणाऱ्या पैशांतला एक हिस्सा रोज एक वेळ बाहेरून जेवण आणण्यासाठी आधीच बाजूला काढा. ला दीगला डब्यात जेवण बांधून देणाऱ्या साध्या खाणावळी आहेत. भात, माशाची किंवा भाजीची कढी, कोशिंबीर असा डबा मिळतो आणि तो हॉटेलात बसून जेवण्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. दुपारचं जेवण तिथून. सकाळी पाव, फळं, चहा, अंडी, आणि ते ज्याचं त्याने घ्यायचं. उरलं रात्रीचं. त्यातल्या दोन रात्री मालकांकडून जेवण, एक रात्र सगळे बाहेर, आणि ज्या चार रात्री घरी शिजेल त्या वाटून घ्यायच्या: एक यजमान, एक मुलं मिळून, एक नणंद आणि तिचे यजमान, एक तुम्ही. हो, एक तुम्हीही. तुम्हाला स्वयंपाकाचा तिटकारा नाही, हे पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसतं. बंदरावरून आणलेला ताजा मासा स्वतःच्या हाताने, घाई नसताना, शेजारी कुणीतरी कांदा चिरतंय अशा संध्याकाळी शिजवायला तुम्हाला आवडेलच. 'बूर्झ्वा' नावाचा तांबडा मासा तिथे मानाचा. आपल्या तांबोशीच्या जातकुळीतला आहे, हळद-आगळ लावून तळा.

महाराज सोबत नेणाऱ्या सहलीचाही विचार करू, कारण तो पर्याय मी हलका समजत नाही. परमुलुखात साबुदाण्याची खिचडी आणि वरणभात समोर आला की वयस्कर माणसांच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा येतो, तो खरा असतो. सासूबाई एकट्या किंवा त्यांच्या बहिणीबरोबर जाणार असत्या तर मी डोळे झाकून तेच सुचवलं असतं. पण तुम्हाला काय हवंय ते तुम्ही लिहिलंय: सकाळी गजर न लावता उठणं, एकाच ठिकाणी राहणं, पुस्तक घेऊन झाडाखाली बसणं. गटाच्या सहलीत पहाटे बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि नाश्त्याची वेळ दुसऱ्याने ठरवलेली असते. ओट्यापासून सुटाल, पण हवा तो आठवडा मिळणार नाही. आणि "मी येतच नाही" हा पर्याय? तो तुमच्या हातात आहेच, तो वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. पण जागा तुम्हाला आवडली आहे. फक्त कामाच्या वाटणीपायी आवडती जागा सोडणं मला तुमच्यावर अन्याय करणारं वाटतं. आधी वाटणी बदलून बघा.

सासूबाईंना कुणी विचारलंय का, हे मात्र पत्रात कुठेच नाही. सगळे त्यांच्या जेवणाबद्दल बोलतात, त्यांच्या इच्छेबद्दल कुणीच नाही. त्यांना प्रवासाची खरी कल्पना द्या. मुंबईहून माहे या सेशेल्सच्या मुख्य बेटापर्यंत थेट विमान चार-साडेचार तासांचं, ते रोज नसतं. माहेहून प्रास्लिन या दुसऱ्या बेटाला मोठ्या बोटीने साधारण तास, आणि तिथून ला दीगला आणखी पंधरा मिनिटं. मे ते सप्टेंबर आग्नेयेकडून वारे वाहतात, तेव्हा हा समुद्र खवळलेला असतो आणि बोटीत मळमळतं. ऑक्टोबरच्या शेवटाकडे वारे पडतात आणि पाणी शांत होतं, त्यामुळे दिवाळीची सुट्टी निवडली आहे ती उत्तम निवडली आहे. (मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ पाहणाऱ्या इतर वाचकांनी शक्य असेल तर एप्रिल धरावा. डिसेंबर-जानेवारीत पाऊस फार.) बोट नकोच असेल तर माहे ते प्रास्लिन छोटं विमानही आहे, पण शेवटची पंधरा मिनिटं बोटीचीच. हे सगळं ऐकून त्या "चला" म्हणाल्या तर आनंदाने न्या. "मी आपली पुण्याला बहिणीकडे जाते" म्हणाल्या तर तेही त्यांच्या मनापासूनचं असू शकतं, त्यात तुम्ही कमी पडलात असं मानू नका.

त्या येणार असतील तर घराची जागा महत्त्वाची. ला दीग जेमतेम दहा चौरस किलोमीटरचं बेट, मोटारी अगदी थोड्या, लोक सायकलीवरून फिरतात. मुलांना यासारखं सुख नाही. पण सासूबाई सायकल चालवणार नाहीत, म्हणून बोट लागते त्या ला पास गावाजवळ, सपाट रस्त्यावरचं घर बघा. तिथून दुकानं, खाणावळी आणि छोटं रुग्णालय जवळ पडतं, टॅक्सी किंवा बॅटरीवरची गाडीही मिळते. डोंगरउतारावरच्या घरातून दृश्य सुंदर दिसतं, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते घर कोंडून ठेवतं.

समुद्राचंही सांगून ठेवते, कारण मुलं आणि त्यांचे बाबा दोघंही उत्साही दिसतात. आन्स सूर्स दार्जां या मोठमोठ्या ग्रॅनिटच्या शिळांच्या किनाऱ्यावर ल'युनियन इस्टेटमधून जावं लागतं, तिथे प्रवेश शुल्क आहे. प्रवाळाच्या आडोशामुळे पाणी उथळ आणि शांत असतं. सासूबाईही पाय बुडवून बसू शकतील. त्याच इस्टेटीत व्हॅनिलाची लागवड आहे, खोबऱ्याचा जुना घाणा आहे, मोठी कासवं आहेत. बेटाच्या पलीकडच्या ग्रांद आन्सला मात्र प्रवाळाचा आडोसा नाही, ओढ जबरदस्त असते. तिथे वाळूत बसा, पोहू नका, लाटा लहान दिसल्या तरी. एक दिवस प्रास्लिनला जाऊन व्हॅले द मे हे जंगल बघून या. 1983 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. दर्याई नारळाची झाडं तिथे रानात उभी आहेत. जुन्या फकिरांच्या हातातलं कटोरं ज्याचं असायचं तोच हा नारळ, जगातलं सर्वांत मोठं बी. विकत घेतलात तर परवाना घ्यावाच लागतो, नाहीतर विमानतळावर काढून घेतात.

सामानाचं थोडक्यात. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन प्रवास परवानगी पैसे भरून घ्यावी लागते. त्यासाठी परतीचं तिकीट आणि राहण्याच्या बुकिंगचा कागद लागतो. ताजी फळं, भाजी, कढीपत्ता, बियाणं, मांस घरून नेऊ नका, तिथले जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. मसाले, मेतकूट, तयार पोह्याची पाकिटं असं जे न्याल ते बंद पाकिटातलं न्या आणि उतरल्यावर विचारतील तेव्हा सांगा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2017 पासून बंदी आहे, कापडी पिशव्या घ्या. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पायांचे. रविवारी बरीच दुकानं बंद असतात किंवा अर्धा दिवसच उघडी असतात, तेव्हा शनिवारी दूध-पाव आणून ठेवा. आणि ते आणायला कुणी जायचं हेही आधीच ठरवा, कारण यादी लक्षात ठेवणं हेही कामच आहे. बहुतेक घरांत ते बाईच्याच डोक्यात चालू राहतं, हात रिकामे असले तरी.

राहिलं घरी बोलायचं कसं ते. "मी तिथे काही करणार नाही" असं सुरू केलंत तर सगळे दुखावतील आणि चर्चा तुमच्या स्वभावावर जाईल. असं म्हणून बघा: "मला ला दीगला यायचंय, तुम्ही फार छान जागा शोधली आहे. पण मलाही सुट्टी हवी आहे. मी एक रात्र स्वयंपाक करीन. बाकीच्या दिवसांचं काय करायचं ते आत्ता, इथे बसून ठरवू." मग गप्प राहा. थोडा वेळ कुणी बोलणार नाही, तो वेळ तुम्ही भरून काढू नका. यजमानांशी मात्र हे आधी एकट्याने बोला, सर्वांसमोर पहिल्यांदा ऐकायची वेळ त्यांच्यावर आणू नका. नणंदेला त्यांनीच फोन करावा, त्यांची बहीण आहे. सासूबाईंशी तुम्ही बोला. मला वाटतं, त्या तुम्हाला अनपेक्षित साथ देतील. त्यांच्या पिढीतल्या किती बायका माहेरपणाशिवाय कधी सुट्टीवर गेल्या?

कुणी "मग हॉटेलच घेऊ" म्हणून रुसलं, तर घाबरू नका. ला दीगला सकाळ-रात्रीचं जेवण देणारी छोटी गेस्टहाऊसं आहेत, खर्च मधला पडतो. दिवस सातऐवजी पाच करा, पण तुमची सुट्टी त्यात राहू द्या.

आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी यजमानांनी घरमालकाला एक मेल करावा. शेजारशेजारची दोन घरं आहेत का, सकाळचा नाश्ता धरलेला आहे का, शाकाहारी रात्रीचं जेवण करून द्याल का आणि त्याचे किती, बंदरापासून घर किती लांब आणि रस्ता चढाचा आहे का, साफसफाई रोज होते की आठवड्यातून एकदा, भांडी घासायला कुणी येतं का. शेवटचा प्रश्न गाळू देऊ नका. येत नसेल तर मुलांच्या वाट्याला स्वयंपाकाबरोबर तीही लिहा.